एकच दिसायलंय, अप्पा

आज सकाळी पूजेला बसताना लेकीनं चष्मा काढून पाटावर ठेवला आणि विभूतीच्या वासाबरोबर मला माझा चष्मा आठवला.

हुलसूरच्या घरात, माझ्या लिंगदीक्षेच्या दिवशी, मीही तसाच चष्मा काढला होता. आठ वर्षांची होते. डावा डोळा नाकाकडं वळायचा. उदगीरच्या डॉक्टरांनी दिलेला जाड चष्मा लावला की सरळ राहायचा. पण माझे वडील, अप्पा, म्हणाले, "देवात आन् तुझ्यात काच कामून?"

स्वामींनी माझ्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. काळं, ओलं, गार. हात डोळ्यांसमोर धरून मी नजर लावली, तर त्याच्या शेजारी दुसरं उभं राहिलं. देव एकच, हे तर मला बोलता यायच्या आधीपासून सांगितलेलं.

"काय दिसायलंय, बाळ?" स्वामींनी विचारलं. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"एकच दिसायलंय, अप्पा," मी म्हणाले.

अप्पांचे डोळे भरून आले. "ऐकलंत का न्हाई? काच कशाला पायजे आता?" त्यांनी चष्मा पेटीत टाकला. दोन दिसतात, हे मी पुढंही कधी सांगितलं नाही. चष्म्यावाचून वळत राहिलेल्या त्या डाव्या डोळ्यानं आज मला लेकीचा चेहराही नीट दिसत नाही.

तिचाही डोळा माझ्यासारखाच वळतो. तिच्या तळहातावर लिंग ठेवून मी विचारलं, "किती दिसायलेत गं?"

"दोन," ती बिनधास्त म्हणाली.

मी चष्मा पदरानं पुसून तिच्या नाकावर चढवला. "आता?"

"एकच."