कापलेली पांढरी पट्टी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नातवंडांना माझ्या सगळ्या फजित्या पाठ आहेत — पण ही नाही.

पंधरा वर्षांपूर्वी कळंबच्या एका लहानशा लॅबमध्ये मी रक्त तपासायचे. अन् तोरा? विचारूच नका! सिकलसेल असला की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात; आई-बाप दोघांकडून आला तर लेकराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडतात. लोकांना अक्षरापेक्षा चित्र पटतं, म्हणून रिपोर्टला पेशींचा फोटो चिकटवायची टूम माझीच. सूक्ष्मदर्शकाला मोबाइल टेकवून फोटो काढायचे. पण छापायचे कुठे? साध्या कागदावर शाई फुटायची, विळा अन् गोल सारखेच. मग या शहाणीनं शोध लावला — स्टुडिओत पासपोर्टचे आठ फोटो एकाच चकचकीत कागदावर निघतात ना? तिथं आठ जणांच्या पेशी बसवायच्या! प्रत्येक फोटोखाली पांढरी पट्टी, पट्टीवर नंबर. वहीत निकालही मी फोटो बघूनच लिहायचे. केवढी मोठी शास्त्रज्ञ!

एकदा स्टुडिओवाल्या रफीकभाईंनी पाकीट हातात दिलं. "बाई, खालची पांढरी पट्टी कापून टाकली म्या. आता कसे मस्त दिसून राह्यले!"

नंबर पट्टीवरच होते.

भाईंनी फाइल पुसली होती, मी मोबाइलमधले फोटो पुसले होते, रक्ताच्या काचा धुऊन खिडकीत वाळत होत्या. सात फोटोंत गोल पेशी, एकात विळे. कोणाचे? त्या सकाळी आलेल्या दोन पोरींपैकी एकीचे — एवढंच आठवत होतं. त्यातली सुनीता तांड्यावरची. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या रक्तात विळे होतेच. हिच्याही असले तर पोटच्या लेकराला भोगावं लागणार. म्हणून तर दोन्ही घरं माझ्या कागदासाठी थांबली होती.

दोघींना पुन्हा बोलवायचं, पुन्हा सुई टोचायची — एवढंच करायचं होतं. पण मग चुकले म्हणावं लागलं असतं. मी? मी कशी म्हणणार?

सुई टोचताना सुनीता हसली होती. "मावशी, माह्या रक्ताचा फोटो चांगला काढजा बरं!" त्या हसण्यावर मी तिला गोल पेशी दिल्या. हो, एवढ्याशावर. विळे दुसरीला चिकटवले. तिची सोयरीक मोडल्याचं पुढं कानावर आलं. मी वहीत तोंड खुपसून बसले.

तीन-चार वर्षांनी चतुर्थीला चिंतामणीच्या देवळात सुनीता भेटली. पाया पडली. खांद्यावर लेक निजलेली.

"मावशी, तुमच्या फोटोनंच माहं घर बसलं. पोरगी तेवढी किरकिर करते. हातपाय दुखते म्हणून रडत रायते. काहून असंन?"

सांगायची वेळ ती होती. तिथंच, तेव्हाच.

"वाढीचं अंग आहे, दुखतंच," मी म्हणाले.

पोरीचे डोळे मिटलेले होते. ते उघडतील अन् पिवळे दिसतील — या भीतीनं मी प्रसादही न घेता निघाले.