रत्नम्माचा पत्ता

रत्नम्मा कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत आली, तेव्हा बरोबर लहानगी लेक आणि कपड्यांचं एक बोचकं होतं. नवरा कुठं असतो म्हणून विचारलं की ती म्हणायची, "हैदराबादला." खरं काय ते शेजारच्या काशम्मालाच ठाऊक होतं. राज्याच्या सीमेपलीकडच्या गावात त्यानं तिला विहिरीत ढकललं होतं; ती वाचली आणि पळून आली.

विड्या वळण्यात रत्नम्माचा हात कुणी धरू शकत नसे. वर्षं गेली, लेक शाळेत जाऊ लागली आणि रत्नम्मा दाराला आतून कडी न लावता कामाला बसू लागली.

काशम्माची पायल अकरावीत होती. वसाहतीत कुणाचा फोन अडला की तिलाच हाक. एका दुपारी तिनं रत्नम्माच्या बोटांचा व्हिडिओ काढला. शेवटी रत्नम्मा मान वर करून हसली, तेही त्यात आलं. पायलनं गाणं लावलं, ठिकाण टाकलं आणि व्हिडिओ सोडून दिला. तो बघता बघता कुठल्या कुठं गेला.

"मावशी, तुमी लई फेमस झाला की."

रत्नम्माची बोटं थांबली. "कोण बघतंय ह्ये?"

"सगळेच."

"सगळे म्हंजे कोण?"

काशम्मानं पायलला आत नेऊन सगळं सांगितलं. पायलनं तिथल्या तिथं व्हिडिओ पुसला. पण तोवर तो अनोळखी लोकांनी आपापल्या नावानं लावला होता. आणि विड्यांचं गिऱ्हाईक म्हणवणाऱ्या एकानं व्हिडिओखाली 'बाई कुठं राहतात' म्हणून विचारलं, तेव्हा पायलनंच त्याला नकाशावरची खूण पाठवली होती. तेही तिनं रत्नम्माला सांगून टाकलं.

रत्नम्मा रागावली नाही. भिजत घातलेली पानं तशीच टाकून, लेकीला घेऊन निघाली.

"कुटं जातीस?" काशम्मानं विचारलं.

"तुला बी नको ठाऊक."

दुसऱ्या दिवशी दुपारी पायलच्या दारात एक माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, बोलणं मऊ.

"पायल तूच न्हवं? खूण बरोबर पाठवलीस बघ. सरळ आलो."

"त्या गेल्या."

त्यानं शेजारच्या कुलपाकडं पाहिलं. "फोन हाय का तिच्याकडं?"

"न्हाय."

"बरं," तो म्हणाला आणि समोरच्या लिंबाखाली गाडी लावून बसला.

गेल्या महिन्यात रत्नम्माला जुना फोन पायलनंच चालू करून दिला होता. आई विडी कारखान्यात गेली होती. पायलनं दार लोटलं, नंबर काढला. सावध करायला हवं होतं. पण आता लावलेला फोन कुठं कुठं दिसतो, कुणाला दिसतो, हे तिला माहीत नव्हतं. अंगठा नंबरावर तसाच धरून ती फटीतून लिंबाकडं बघत राहिली. तो माणूसही फोनमध्येच बघत होता.