आपत्तीच्या रंगीत तालमीत मी मेले त्याची गोष्ट

येलहंक्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बुधवारी निरोप आला. शनिवारी सकाळी दहा वाजता कोपऱ्यावरच्या लग्नाच्या हॉलमागे आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम होणार होती आणि आमच्या इमारतीतून दोन जखमी पाठवायचे होते. भर लग्नात गॅसचा स्फोट होतो आणि छत कोसळतं, असा प्रसंग ठरलेला होता. मी लगेच माझं नाव दिलं. समाजसेवेची ओढ वगैरे काही नव्हती. त्या शनिवारी ऑफिसची एक लांबलचक मीटिंग होती आणि 'मी शनिवारी जखमी आहे' असं मॅनेजरला कळवण्याची संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नसती.

दुसरं नाव दिलं खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी. मी पुण्याहून इथे कन्नड मुलखात येऊन सहा वर्षं झाली. अक्कांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेलं. त्यांची मराठी कन्नडच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखी दिसायला लागली आहे. वजनमापे खात्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. अजूनही त्या कोपऱ्यावर दिसल्या की भाजीवाला आधी तराजू पुसतो.

शनिवारी मी जुना टी-शर्ट घालून वेळेवर पोचले. अक्का वीस मिनिटं उशिरा आल्या, मोरपिशी रेशमी साडी नेसून, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा माळून.

"अक्का, आपल्याला मातीत पडायचंय," मी म्हटलं.

"लग्नात स्फोट झालाय ना गं? लग्नाला कोण तुझ्यासारखं येतंय?"

मैदानावर नारिंगी जाकिटं घातलेले स्वयंसेवक होते, दोन अँब्युलन्स होत्या आणि हातात कर्णा घेतलेले एक अधिकारी होते. त्यांनी आम्हाला नियम सांगितले. प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला असेल. लाल म्हणजे गंभीर, त्यांनी ओरडायचं. पिवळ्यांनी कण्हायचं. हिरव्यांना नुसतं खरचटलंय, त्यांनी बसून राहायचं. काळे म्हणजे मेलेले, त्यांनी काहीच करायचं नाही आणि त्यांना सगळ्यांत शेवटी उचलणार. मला लाल बिल्ला मिळाला. अक्का उशिरा आल्यामुळे त्यांच्या वाट्याला उरलेला काळा आला.

आम्हा दोघींना एका पर्जन्यवृक्षाखाली शेजारी शेजारी आडवं केलं. बिल्ल्यावर कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं होतं. सहा वर्षांत मला बसवरचा आकडा सोडून काही वाचता येत नव्हतं. अक्कांनी मान उचलून माझा बिल्ला वाचला.

"तुझ्या पोटात सळई घुसलीय. ओरड की."

मी जमेल तसं ओरडले. पलीकडचा एक पिवळा दचकून माझ्याकडे बघायला लागला, म्हणून थांबले.

"ह्याला ओरडणं म्हणतात?" अक्का म्हणाल्या. "दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा माणूस ह्याहून बरं ओरडतो."

"अक्का, तुम्ही मेल्या आहात. बोलू नका."

त्यांनी लगेच डोळे मिटले. मग माझ्याकडे कुशीवर वळल्या. "असं करू. बिल्ले बदलू. एवढी साडी नेसून मी नुसती पडून राहायला आले नाही. आणि तू तरुण आहेस, तू मेलीस तर चालतंय."

खरं सांगायचं तर मला ते फारच सोयीचं वाटलं. आठवडाभर झोप झाली नव्हती, आणि कुणी काही विचारणार नाही, कशाला उत्तर द्यावं लागणार नाही, अशी जागा समोरून चालून आली होती. आम्ही गुपचूप बिल्ले बदलले. दुसऱ्याच मिनिटाला अक्कांनी अशी किंकाळी फोडली की अधिकाऱ्यांच्या हातातला कर्णा खाली पडला आणि चार स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन धावतच आले.

"डोकं पुढे नेणार की पाय?" अक्कांनी स्ट्रेचरवरून विचारलं. "तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

चौघांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. पाय पुढे, असं अधिकाऱ्यांनी थोडा विचार करून सांगितलं, आणि अक्का समाधानाने गेल्या. मी डोळे मिटले. सावली होती, वारा होता, जमीन गार होती. मला गाढ झोप लागली.

एका स्वयंसेवक मुलीने हलवून जागं केलं तेव्हा ऊन कलू लागलं होतं. "मॅडम, संपलं. सगळे गेले." मेलेले माझ्यासकट चार होते, बाकीचे तिघे उठून जेवायलाही गेले होते. मला उचलायला ती मंडळी दोनदा येऊन गेली म्हणे, पण मी घोरत होते आणि घोरणारं माणूस कोणत्या यादीत घालायचं, यावर त्यांचं एकमत झालं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का होत्या.

"हे लोक मला सोडेनात गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरंच ठेवून घेतायत."

झालं होतं ते असं. जखमींना जवळच्याच एका हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. तिथल्या नर्सने तालीमच ती म्हणून अक्कांच्या कागदावर रक्तदाब एकशेवीस-ऐंशी लिहून टाकला आणि ती पुढे निघाली. अक्कांनी तिचा पदर धरला नाही एवढंच. न मोजता आकडा कसा लिहिलास, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अक्का, हे खोटंखोटं आहे. अक्का म्हणाल्या, सळई खोटी आहे, दंड माझा खरा आहे, मोज. तिने मोजलं. मग चेहरा बदलून पुन्हा मोजलं. मग डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी दुसऱ्या यंत्रावर मोजलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता.

"यजमानांना सांग," अक्का म्हणाल्या. "मी फोन केला तर ते ऐकत नाहीत."

मी काकांना फोन लावला. "काका, अक्का हॉस्पिटलमध्ये आहेत."

"हो, हो. पोटात सळई. सरी," असं, म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. ते म्हणाले, "सकाळी तिनेच बजावलंय, असे फोन येतील, घाबरायचं नाही, सरी म्हणून ठेवून द्यायचं. हा तुमचा चौथा. छान चाललंय तुमचं." आणि पुन्हा ठेवला. अक्कांनी घरातली तयारी मैदानापेक्षा चोख केली होती.

शेवटी मी घरी धावत गेले. काकांनी दार उघडलं, चष्मा वर केला आणि माझ्या गळ्यातला बिल्ला सावकाश वाचला.

"तू तर मेलीयेस की गं."

"काका, अक्कांचं बीपी खरंच वाढलंय. डॉक्टरांनी ॲडमिट केलंय. हे तालमीतलं नाही."

मस्करी कुठे संपली ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ते आत गेले, चपला शोधू लागले आणि दाराशीच ठेवलेल्या चपला त्यांना दिसेनात. मी खाली बसून त्या त्यांच्या पायांपुढे सरकवल्या. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "महिनाभर डोकं दुखतंय म्हणत होती. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदल." हॉस्पिटल येईपर्यंत ते रिक्षावाल्याला दोनदा 'स्वल्प बेगा' म्हणाले, जरा लवकर.

अक्का रेशमी साडीतच पलंगावर बसल्या होत्या. काकांना बघून म्हणाल्या, "जेवलात का?" काकांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. मग त्यांनी पलंगाची कड धरली आणि तिथेच उभे राहिले. डॉक्टर वयाने लहान होते. ते म्हणाले, आणखी काही आठवडे असंच चाललं असतं तर मेंदूवर बेतलं असतं. आता गोळ्या घेतल्या आणि मीठ कमी केलं तर काळजी नाही. मीठ कमी म्हणजे किती ग्रॅम, असं अक्कांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

तीन दिवसांनी त्या घरी आल्या. पुढच्या आठवड्यात त्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना आढाव्यासाठी बोलावलं. तालीम यशस्वी झाल्याचं सांगून झाल्यावर त्यांनी कागद वर धरला. "एक खुलासा हवा आहे. मृत क्रमांक चार दुपारी पायी चालत मैदानाबाहेर गेली. ती कोण?"

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, बिल्ले बदलल्याचंसुद्धा. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. अधिकाऱ्यांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी शेजारच्याला लिहायला सांगितलं की यापुढे जखमी खोटे असले तरी तपासणी खरी करावी. अक्कांनी बसल्या जागेवरून मान डोलावली, जणू खात्यातली एखादी फाइल व्यवस्थित बंद झाली.

गोष्ट इथे संपली असती, पण डॉक्टरांनी अक्कांना रोज चालायला सांगितलं होतं. काका आणि मी त्यांच्यासोबत जायला लागलो. खरं तर आम्ही चालतो आणि त्या तपासणी करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या इमारतीतले आग विझवायचे सगळे लाल सिलिंडर वाकून वाकून वाचले आणि पाचांची मुदत संपल्याचं सेक्रेटरींना लेखी कळवलं. सेक्रेटरींनी महिनाभर टाळाटाळ करून शेवटी नवीन आणले आणि अक्कांना बोलावून दाखवले.

"भरलेले आहेत कशावरून?" अक्कांनी विचारलं.

"अहो अक्का, शिक्का आहे ना."

"शिक्का मी तीस वर्षं मारलाय. चालवून दाखवा."

सेक्रेटरी स्वभावाने भला माणूस. त्यांनी एक सिलिंडर उचलला, पिन ओढली आणि दांडा दाबला. नळी कुठे वळली आहे ते मात्र बघितलं नाही. क्षणात पांढऱ्या भुकटीचा ढग उठला आणि तो खाली बसला तेव्हा त्यांची आदल्याच दिवशी धुतलेली काळी गाडी पिठात घोळल्यासारखी दिसत होती. सेक्रेटरी स्वतःही फार वेगळे दिसत नव्हते. काका हसू दाबायला दुसरीकडे वळले. अक्का पुढे झाल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने थोडी भुकटी उचलून पाहिली आणि वहीत त्या सिलिंडरच्या क्रमांकापुढे बरोबरची खूण केली.

"हा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता दुसरा."