आकाशाचा पडदा

श्री. ओनेझिम तिबोदो यांची माझी पहिली भेट २००४च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्यांच्या गावच्या जुन्या शाळेत झाली. मी नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला इंजिनिअर. छताची तपासणी करायला गेलो होतो. ते नाटकाची तालीम घेत होते. "छत कुठे पळून जात नाही. हा प्रवेश संपेपर्यंत बस," असे त्यांनी बजावले. मी निमूटपणे बसलो. त्या दिवसापासून ते माझे काका झाले.

काका अकादियन, म्हणजे कॅनडाच्या या सरहद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांपैकी. लहानपणी याच शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल त्यांनी छड्या खाल्ल्या आणि पुढे तिथेच आयुष्यभर फ्रेंच नाटके केली. कवी, नाटककार आणि वर गावच्या कौन्सिलचे अध्यक्ष. दर मंगळवारी ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना सरकारी इंग्रजी पत्रे फ्रेंचमध्ये समजावून सांगत. बातमी वाईट असली की टेबलामागून उठून त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसत.

आता जे लिहायचे त्यासाठी हात जड झाला आहे. रंगमंचावर रंगवलेल्या आकाशाचा मोठा पडदा टांगलेला होता. छताच्या बहुतेक तुळया त्यामागे होत्या. तालमीचा विचका नको म्हणून मी तो उतरवायला सांगितला नाही. कोपऱ्यातली एकच तुळई तपासली, ती कुजलेली निघाली, आणि बाकीच्याही तशाच धरून छत धोकादायक असल्याचा अहवाल दिला.

गावसभेत हात वर करून मतदान झाले. मते समसमान पडली. अध्यक्ष म्हणून निर्णायक मत काकांचे होते; त्यांनी स्वतःची रंगभूमी पाडण्याच्या बाजूने हात वर केला. उन्हाळ्यात शाळा पाडली, तेव्हा पडद्यामागच्या तुळया ठणठणीत निघाल्या.

मी घरी येऊन सांगितले की चूक माझी आहे, ती गावापुढे कबूल करतो. बायको म्हणाली, "अरे, जॉब गेला तर व्हिसापण कॅन्सल होईल. मग काय करायचं आपण?" तरीही मी काकांकडे गेलो. ते टेबलामागून उठून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "पडदा काढ, असं मीही म्हणालो नाही. हात माझा वर गेला होता. तू गप्प राहा."

मी गप्प राहिलो आणि गावाने सगळा दोष काकांना दिला. त्यांची नटमंडळी पांगली, निवडणूक गेली. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेनासे झाले. त्यानंतर त्यांनी एकही नाटक लिहिले नाही. मला ग्रीन कार्ड मिळाले आणि मगच मला हे लिहायचा धीर आला, याची मला लाज वाटते.

काकांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी "तुझ्या भाषेत लिही" हा त्यांचाच आग्रह. गावात मराठी कुणाला येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. काका, या वेळी मी तुमचे ऐकलेले नाही. या लेखाचे फ्रेंच भाषांतर करून घेऊन शेजारच्या पानावर छापायला दिले आहे.

काकांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि येत्या रविवारी त्यांच्या बाकावर कुणीतरी जाऊन बसो.