कागदाची डावी बाजू

साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते टेबलापलीकडे. बिडकीनहून बसनं आलेली मी, संभाजीनगरातल्या त्यांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला बसले होते. इंग्रजीत तीन वाक्यं कशीबशी झाली आणि चौथ्याला बोबडी वळली. सर म्हणाले, "मराठीत सांगा की! मशीनला कुठं इंग्रजी कळतंय?" मग त्यांनी एक बिघडलेला प्रोग्राम पुढे ठेवला आणि चहा सांगायला उठून गेले. मला चूक सापडली, नोकरीही लागली.

सरांची शिस्त मोठी. उमेदवार गेल्यावर आपसांत बोलण्याआधी प्रत्येकानं कागद भरायचा. डावीकडे काय पाहिलं, उजवीकडे काय वाटलं. निर्णय डाव्या बाजूवरून. मला हा जाचच वाटायचा, खोटं कशाला बोलू!

पुढे मी स्वतः मुलाखती घेऊ लागले आणि शेफारले. देवगाव रंगारीच्या मनीषा जाधव आल्या. आवाज बारीक, नजर टेबलावर. मी उजवीकडे "आत्मविश्वास कमी" लिहिलं आणि तिथल्या तिथं नकार सांगून टाकला.

सरांनी कागद पाहिला. "डावी बाजू कोरी का हो?"

"सर, त्या बोलतच नव्हत्या."

"चूक शोधली का त्यांनी?"

शोधली होती. वर आम्हालाही ठाऊक नसलेली आणखी एक दाखवली होती. मी ते लिहिलंच नव्हतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून माझ्याच मुलाखतीचे दोन कागद काढले. एकावर डावीकडे सरांचं अक्षर: "चूक स्वतः शोधली. चहा निवला तरी भान नाही." दुसऱ्यावर त्या दिवशी सरांशेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं उजवीकडे लिहिलेलं: "आत्मविश्वास कमी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फोन लावा," सर म्हणाले, "आन् माफी तुम्हीच मागा." मी मागितली, नोकरीवर या असंही सांगितलं. पलीकडून "येते मॅडम" एवढंच ऐकू आलं.

सरांनी हा विषय चारचौघांत कधीच काढला नाही. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. मनीषाताई आता मुलाखतींना माझ्या शेजारी बसतात. या लेखाचा पहिला खर्डा त्यांना दाखवला, तर सगळी विशेषणं खोडून म्हणाल्या, "मॅडम, आधी डावी बाजू भरा." म्हणून सर, पाहिलं तेवढंच लिहिलं आहे. उजव्या बाजूला माझी एकच ओळ: तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि आमचे कागद तपासत राहा.