लवंग-खडीसाखर

लवंग दाताखाली आली की नाशिकच्या आमच्या चर्चमधलं ते रेकॉर्डिंग आठवतं. पंखे बंद करून, घामाघूम होत आम्ही चार आवाजांतलं जुनं लॅटिन स्तोत्र गात होतो. गायनवृंद माझ्याकडे होता. सगळ्यांना लवंग-खडीसाखर वाटणाऱ्या म्हाताऱ्या मावशींचा सूर हलत होता. तिसऱ्यांदा थांबावं लागलं तेव्हा मी वैतागून म्हणालो, "मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा." "बरं बाबा," म्हणत त्या हसल्या आणि शेवटपर्यंत नुसते ओठ हलवत राहिल्या. पुढे त्या वारल्यावर त्यांच्या मुलीने ते रेकॉर्डिंग मागून नेलं, कारण घरी आईचा आवाज कुठेच नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "दादा, एवढ्या जणांत आईचा आवाज लगेच ओळखला मी." मी "हो" म्हणालो. अजूनही भेटली की ती तेच सांगते, आणि मी हो म्हणतो.