मैनाचं रक्त आणि सुमनबाईंचा गळा

गेल्या आठवड्यात मिरजेत, आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये, माझी चांगलीच जिरली... जिरवणारा माणूस जतकडचा एक धनगर. घडलं तसं सांगतो.

पलूसच्या सुमनबाई, वय सव्वीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका. गळ्याची गाठ वाढत चाललेली, चेहऱ्यावर सूज, सतत थकवा... सर्जनसाहेबांनी शनिवारी ऑपरेशन ठरवलं होतं.

त्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस क्वचित दुखावते, हे बाईंच्या कानावर गेलं होतं. सोमवारी रक्त घ्यायला गेलो तर म्हणाल्या, “भाऊ, आवाज गेला तर वर्गात काय खुणा करू? आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेली मी एकटी.”

साहेबांना एक शंका होती. काही जणांचं शरीर आपल्याच थायरॉईड ग्रंथीला परकी समजतं आणि तिच्याविरुद्ध रक्तात द्रव्यं तयार करतं. गाठ त्यातली असेल तर बहुतेक वेळा कापावी लागत नाही, गोळ्यांवर भागतं. हे ओळखायची रक्ताची टेस्ट नवी आहे... आणि आमच्या लॅबमध्ये ती मी बसवली आहे.

हो, अभिमानाने लिहितो. मी मराठी सातवी पास. काचेच्या नळ्या धुवायला म्हणून लागलो, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली, आणि आज माझ्या तराजूवर मिलिग्रॅमची चूक सापडत नाही.

टेस्टला मेंढीच्या तांबड्या पेशी लागतात. त्या तीनदा धुवायच्या, टॅनिक ॲसिडच्या अगदी पातळ पाण्यात ठेवायच्या, मग थायरॉईडमधल्या प्रथिनाचा लेप द्यायचा. पेशंटच्या रक्तात ती द्रव्यं असतील तर पेशी एकमेकींना धरून नळीच्या बुडाशी सतरंजीसारख्या पसरतात. नसतील तर घरंगळून मधोमध लाल बटण होतं.

सोबत पेशंटच्या रक्ताशिवाय एक कंट्रोलची नळी ठेवायची. तिच्यात बटणच यायला हवं. तिथेच सतरंजी पसरली तर सगळी टेस्ट बाद.

मागच्या महिन्यात चाचणी म्हणून केली तेव्हा कंट्रोलमध्ये सुरेख बटण आलं होतं. या मंगळवारी आली सतरंजी... टॅनिक ॲसिड नवीन बनवलं, नळ्या ठेवायच्या कोमट पाण्याच्या भांड्याचं, वॉटर बाथचं, थर्मामीटर बदललं, मेंढीचं नवीन रक्त आणलं. बुधवारी पुन्हा सतरंजी.

साहेब एवढंच म्हणाले, “शुक्रवार दुपारपर्यंत थांबतो. मग माझा नाइलाज आहे.”

गुरुवारी सकाळी सायकल काढून बेडगच्या वाटेवर गेलो. तिथे एका मळ्यात खतासाठी त्या जतकडच्या धनगराची, धोंडिबाची, मेंढरं बसवली होती. दर वेळी तो मेंढी धरायचा, मी मानेच्या शिरेतून रक्त काढायचो. आज मी तणतणतच पोचलो.

“धोंडिबा, मेंढी आजारी आहे का बघ.”

“कुठली?”

“कुठली काय? तीच. जिचं रक्त काढतोय ती.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “आवं साहेब, तीच कुठली? तीन खेपा, तीन मेंढरं. एकाच जितराबाला किती टोचायचं? पाळीपाळीनं धरली म्या.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“इचारलं कवा तुमी? म्हटलं साहेब येवढं शिकल्यालं, तोंड बघून वळखत असत्याल.”

सगळ्याच मेंढ्यांच्या पेशी या टेस्टला सारख्या चालत नाहीत, हे मी स्वतः पुस्तकात वाचलेलं. पण माझ्या डोळ्यांना ती सगळी काळी मेंढरं एकच. मिलिग्रॅम मोजणाऱ्या माणसाने मेंढी मोजलीच नव्हती.

“मागच्या महिन्यातली पहिली कुठली, आठवेल?” मी जरा हळूच विचारलं.

त्याने आठवायचा आवसुद्धा आणला नाही. दीडएकशे मेंढरांत शिरला आणि एकीला कानाला धरून घेऊन आला. “ही मैना. तवा हिची पाळी हुती. पर आज घेतलं की म्हैनाभर हिला हात लावायचा न्हाई. आन सुई बारकी घ्या, लय आडदांड सुई हाय तुमची.”

बारीक सुई लावली. वेळ लागला, पण मैना हलली नाही. मळ्यातून थेट लॅब गाठली आणि त्याच दिवशी टेस्ट लावून ठेवली.

शुक्रवारी सकाळी नळ्यांची बुडं दिसावीत म्हणून रॅकखाली आरसा धरला. कंट्रोलच्या नळीत बटण, कंपासने आखल्यासारखं गोल. आणि सुमनबाईंच्या नळ्यांत, रक्त दुपटीदुपटीने पातळ करत नेलं होतं तरी, दहाव्या नळीपर्यंत सतरंजी.

साहेबांनी आरसा हातात घेऊन दोनदा पाहिलं. मग शनिवारच्या यादीतलं नाव खोडलं. बाईंना सांगितलं, “गोळ्या घ्या, गाठीवर मी लक्ष ठेवतो. सध्या ऑपरेशन नाही.”

बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “मग सोमवारी वर्ग घेऊ?” साहेब म्हणाले, “आधी आठवडाभर झोप काढा, मग ओरडा पोरांवर हवं तितकं.”

काल रविवारी मुद्दाम धोंडिबाला सांगायला गेलो. टेस्टचं त्याला काही विशेष वाटलं नाही. “बाईचा गळा वाचला न्हवं? मग झालं,” म्हणाला. मी कौतुक करू लागलो तर उठून त्याने पाच मेंढरं माझ्यासमोर उभी केली आणि एकेकीचं नाव, आई, खोड सांगितली. मग त्यांची जागा बदलून मला विचारलं, “आता सांगा.”

मला दोन ओळखता आल्या. “नापास,” तो म्हणाला, “पर फुडच्या रविवारी या.”

आजवर जे शिकलो ते पुस्तकांना विचारून शिकलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मला गुरू मिळाला आहे... जाणार आहे मी रविवारी.